डब्ल्यूएचओचा आयसीडी-१० ब्राउझर: मधुमेहाच्या गुंतागुंतीला पक्का, उपकरणाच्या बिघाडाला कच्चा

आरमोरी असो, वरूड असो की मेहकर, तालुक्याच्या गावातल्या वीस-तीस खाटांच्या दवाखान्यातही आता निदानाचा कोड घातल्याशिवाय विम्याची फाइल पुढे सरकत नाही. क्लेम फॉर्मचा भाग ब दवाखान्याने भरायचा असतो. त्यात मुख्य निदान, जोडीचे निदान, सहव्याधी अशा प्रत्येकासाठी आयसीडी-१० (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती) कोडचा रकाना असतो. हा कोड शोधायला जागतिक आरोग्य संघटनेचा (डब्ल्यूएचओ) ऑनलाइन ब्राउझर फुकट मिळतो. नोंदणी नाही, पासवर्ड नाही. मधुमेहाच्या फाइली समोर ठेवून तो किती कामाचा आहे, ते इथे तपासले आहे. निकाल आधीच सांगतो: शुगरमुळे झालेल्या गुंतागुंतीचा कोड तो चोख देतो, पण एखादे यंत्र बिघडल्यामुळे रुग्ण भरती झाला असेल तर त्याच्याकडे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे कुठे लिहायचे हे माहीत असेल तर या ब्राउझरवर काम भागते.

खालचे कोड देवनागरीत लिहिले आहेत. शोधपेटीत मात्र इंग्रजी अक्षर आणि आकडे टाइप करायचे. मराठी शब्द तिथे चालत नाही आणि स्पेलिंग ब्रिटिश आहे, त्यामुळे ॲनिमिया, हायपोग्लायसेमिया हे शब्द 'ए' आणि 'ई' जोडून शोधा.

उघडताना २०१९ची आवृत्ती निवडा. यादीत जुन्या आवृत्त्याही आहेत आणि कुणाच्या तरी जुन्या बुकमार्कमुळे २०१० किंवा २०१६ची उघडली तर ते चटकन लक्षात येत नाही. डावीकडे प्रकरणांचे झाड, उजवीकडे मजकूर, वर शोधपेटी. मधुमेह चौथ्या प्रकरणात, ई१० ते ई१४ या गटात आहे. नवा माणूस नेमका इथे अडखळतो. तो थेट ई११वर जातो आणि तिथे 'पोटविभागांसाठी ई१०च्या आधी पाहा' अशी सूचना भेटते. टिंबानंतरच्या आकड्यात काय काय बसते याची खरी यादी गटाच्या डोक्यावर, ई१०च्या वर दिलेली आहे. ती एकदा शांतपणे वाचून काढा. पुढची निम्मी कटकट तिथेच मिटते.

ती यादी थोडक्यात अशी. टिंब शून्य म्हणजे कोमा, एक म्हणजे कीटोॲसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचणे), दोन किडनी, तीन डोळे, चार नसा, पाच हातापायांचे रक्ताभिसरण, सहा इतर ठरावीक गुंतागुंत, सात एकापेक्षा जास्त, आठ गुंतागुंत आहे पण कोणती ते लिहिलेले नाही, नऊ म्हणजे गुंतागुंत नाही. टिंबाआधीचा आकडा प्रकार सांगतो: ई१० टाइप १, ई११ टाइप २, ई१२ कुपोषणाशी जोडलेला, ई१३ इतर, ई१४ म्हणजे प्रकारच लिहिलेला नाही. गरोदर बाईचा मधुमेह या गटात येत नाही, तो ओ२४मध्ये जातो.

अमेरिकेचा कोड इथे चिकटवू नका

सगळ्यात जास्त घोळ ब्राउझरमुळे होत नाही, ब्राउझर न उघडल्यामुळे होतो. गूगलवर डायबेटिक फूट अल्सरचा कोड शोधला की ई११.६२१ समोर येतो. हा अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएमचा कोड आहे. डब्ल्यूएचओच्या यादीत तो नाहीच. नागपूर-अमरावतीच्या क्लासमधून मेडिकल कोडिंग शिकून आलेली पोरे-पोरी हुशार असतात, पण त्यांना शिकवलेले असते ते अमेरिकन कंपन्यांच्या कामासाठी. तोच हात इथल्या फाइलीवर चालला की दोन पद्धतींची भेसळ होते.

ओळखायची खूण सोपी आहे. मधुमेहाच्या गटात डब्ल्यूएचओचा कोड टिंबानंतर एका आकड्यावर थांबतो. टिंबानंतर दोन-तीन आकडे दिसले, मध्ये एक्स आला किंवा शेवटी ए, डी, एस यांपैकी अक्षर आले, तर तो अमेरिकेचा समजा. पण खूण नेहमी पुरत नाही. ई११.९ दोन्हीकडे आहे आणि अर्थही एकच. ई११.० दोन्हीकडे आहे, पण अर्थ वेगळा. डब्ल्यूएचओकडे ई११.० म्हणजे मधुमेहातला कोमा, आणि त्यात शुगर कमी होऊन आलेला कोमाही धरलेला आहे. अमेरिकेत ई११.० फक्त हायपरऑस्मोलॅरिटीसाठी (शुगर फार चढून रक्त दाट होणे) आहे, कमी शुगरच्या कोम्याला तिथे ई११.६४१ हा वेगळा कोड आहे.

झेड७९.४चेही तसेच. 'कायम इन्सुलिनवर' यासाठी हा कोड सर्रास घातला जातो, पण झेड७९ हा विभागच डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१०मध्ये नाही. तिथे दीर्घकाळ चालू असलेल्या इतर औषधांसाठी झेड९२.२ आहे. आणि इन्सुलिन चालू आहे म्हणून रुग्ण टाइप १ होत नाही. साठ वर्षांचा, पंधरा वर्षे गोळ्या घेऊन आता इन्सुलिनवर आलेला शेतकरी ई११च राहतो. जुन्या कार्डांवरच्या 'आयडीडीएम' (इन्सुलिनवर अवलंबून मधुमेह) या नोंदीवरून त्याला ई१०मध्ये ढकललेले दिसते, ते चुकीचे.

डॉक्टरांनी नुसते 'डीएम' (डायबेटिस मेलिटस, म्हणजे मधुमेह) लिहिले असेल तर डब्ल्यूएचओच्या नियमाने ई१४ होतो. अमेरिकन पद्धतीत प्रकार लिहिला नसेल तर टाइप २ धरतात, ती मुभा इथे घेऊ नका. डॉक्टरांना विचारून कार्डावर प्रकार लिहून घेणे हे दोन मिनिटांचे काम आहे. मेळघाटातला किडकिडीत रुग्ण पाहून ई१२ घालण्याचा मोहही टाळा. अंगकाठीवरून कोड ठरत नाही, डॉक्टरांनी कुपोषणाशी संबंध लिहिला असेल तरच तो कोड.

गुंतागुंत: इथे ब्राउझर पैकीच्या पैकी

डब्ल्यूएचओच्या पद्धतीत एकाच आजाराला दोन बाजूंनी कोड देता येतो. मूळ आजाराच्या कोडपुढे डॅगरचे चिन्ह असते, आणि तो आजार कुठल्या अवयवात दिसला त्या कोडपुढे स्टार. ब्राउझरमध्ये ही जोडी एकमेकांशेजारी छापलेली दिसते, हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. टाइप २च्या रुग्णाची किडनी मधुमेहाने गेली असेल तर ई११.२ डॅगर, सोबत एन०८.३ स्टार. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर ई११.३ आणि एच३६.०, मोतीबिंदू मधुमेहाचा असे लिहिले असेल तर ई११.३ आणि एच२८.०. पायांची जळजळ, बधिरपणा म्हणजे पॉलिन्यूरोपॅथी: ई११.४ आणि जी६३.२. एकाच नसेचा त्रास असेल तर जी५९.०, ऑटोनॉमिक (आपोआप चालणाऱ्या अवयवांच्या नसांचा) असेल तर जी९९.०. न्यूरोपॅथीने पायाचा सांधा ढासळला असेल तर ई११.६ आणि एम१४.६. नियम एकच लक्षात ठेवा: स्टारचा कोड एकटा कधीच जात नाही.

पायाची जखम हा आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा विषय. वावरात अनवाणी किंवा फाटक्या चपलेने चालताना काटा रुततो, पाय बधिर असल्यामुळे कळत नाही, आणि माणूस दवाखान्यात येतो तेव्हा बोट काळे पडलेले असते. डब्ल्यूएचओमध्ये मधुमेहातला अल्सर आणि गँगरीन दोन्ही टिंब पाचमध्ये येतात. म्हणून ई११.५. रक्तवाहिन्यांचा आजार लिहिलेला असेल तर आय७९.२ स्टार जोडा. गँगरीनसाठी आर०२ हा कोड शोधपेटीत पटकन दिसतो आणि चुकून लावला जातो. आर०२ उघडून खालची वगळलेल्या आजारांची यादी वाचली की मधुमेहातले गँगरीन तिथून स्पष्टपणे बाहेर काढलेले दिसते. ही यादी न वाचता कोड उचलणे हे या ब्राउझरवर होणाऱ्या चुकांचे मोठे कारण आहे. अंगठा कापल्यावर बुंध्याला पू झाला तर टी८७.४, बुंधा काळा पडला तर टी८७.५.

आता एक खरीखुरी वाटेल अशी ओळ घेऊ. डिस्चार्ज कार्डावर लिहिले आहे: 'डीएम, डायबेटिक फूट, सीकेडी, ऑन इन्सुलिन'. घाईत कोड पडतात ई१४.९, एल९७, एन१८.९, झेड७९.४. चारही कोड सदोष आहेत. पहिला म्हणतो गुंतागुंत नाही, आणि लगेच पुढचे दोन, पायाचा अल्सर आणि सीकेडी (किडनीचा जुनाट आजार), गुंतागुंत सांगतात. ही विसंगती टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) तपासनिसाला पहिल्या नजरेत दिसते, आणि फाइल शंका लावून परत येते. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. मधुमेह कोणत्या प्रकारचा? पायाला अल्सर आहे की गँगरीन? किडनीचा आजार मधुमेहामुळेच आहे का? सीकेडी कितव्या टप्प्यात? उत्तर मिळाले की टाइप २, गँगरीन, हो मधुमेहामुळे, टप्पा चार. मग मुख्य निदान ई११.५, जोडीला ई११.२ आणि एन०८.३, टप्प्यासाठी एन१८.४, इन्सुलिनसाठी झेड९२.२. कोडच्या मागे लागलो नाही, कार्डावरचे वाक्य बदलले आणि कोड आपोआप नीट आले.

इथे ई११.७ का नाही, असा प्रश्न येतो. दोन गुंतागुंती आहेत, मग 'एकापेक्षा जास्त'चा कोड का घालू नये? डब्ल्यूएचओच्या दुसऱ्या खंडात याचा स्पष्ट नियम आहे: मुख्य निदान म्हणून अनेक गुंतागुंती लिहिल्या आहेत आणि त्यांतल्या एकीलाही प्राधान्य दिलेले नाही, तेव्हाच टिंब सात. या रुग्णाला भरती केले ते पायासाठी. म्हणून टिंब पाच मुख्य. ई११.७ने फाइल चालून जाते हे खरे, पण पुढे कुणी त्या दवाखान्याची नोंद पाहिली तर किती पाय गेले, किती किडन्या गेल्या, काहीच कळत नाही. हा दुसरा खंड ब्राउझरच्याच पानावरून पीडीएफ स्वरूपात उतरवता येतो. उतरवून ठेवा.

किडनीबद्दल विचारलेला तिसरा प्रश्न पश्चिम विदर्भात फार महत्त्वाचा आहे. अमेरिकन पद्धतीत मधुमेह आणि सीकेडी दोन्ही लिहिले असतील तर संबंध आहे असे गृहीत धरतात. डब्ल्यूएचओच्या कोडिंगमध्ये ते गृहीत धरू नका. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराची ओरड जुनी आहे, आणि तिथल्या सगळ्या किडनी रुग्णांना मधुमेह नसतो. ज्याला नुकताच मधुमेह निघाला आणि किडनी आधीपासूनच खराब आहे, त्याला ई११.२ देणे म्हणजे चुकीचे कारण कायमचे नोंदवणे.

पूर्व विदर्भात तशीच अडचण सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार). गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि हा आजारही डोळ्याचा पडदा आणि किडनी दोन्ही बिघडवतो. ब्राउझरमध्ये त्याची जागा वेगळी आहे: सिकलसेलमुळे पडद्याचा आजार असेल तर डी५७ डॅगर आणि एच३६.८ स्टार, किडनीच्या ग्लोमेरुलसचा (रक्त गाळणाऱ्या भागाचा) असेल तर डी५७ आणि एन०८.२. मधुमेहाच्या एच३६.० आणि एन०८.३ यांपासून हे एका आकड्याच्या अंतरावर आहेत. रुग्णाला दोन्ही आजार असतील तर नेत्रतज्ज्ञाने कोणत्या आजाराचे नाव लिहिले ते पाहिल्याशिवाय हात लावू नका.

सिकलसेलमध्ये एचबीए१सीवरही (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) भरवसा ठेवता येत नाही. एसएस (आई-बाप दोघांकडून सिकलचे जनुक आलेल्या) रुग्णाच्या अंगात, रक्त चढवले नसेल तर, हिमोग्लोबिन ए नसतेच, आणि तांबड्या पेशीही लवकर मरतात. वाहकात तपासणीच्या पद्धतीनुसार आकडा बिघडू शकतो. ग्लुकोमीटर जास्त दाखवतो आणि एचबीए१सी कमी येतो, तेव्हा 'मशीन खराब' असे कार्डावर लिहिले जाते. मशीन खराब नसते. अशा फाइलीला उपकरणाच्या बिघाडाचा कोड लावू नका.

शुगर कमी झाल्याचे कोडही नीट पाहण्यासारखे आहेत. कोमा असेल तर ई११.०. कोमा नसेल, फक्त घाम, थरथर, गोंधळ, आणि कारण औषध असेल तर ई१६.०. औषध बरोबर दिले होते, डोस बरोबर होता, तरी शुगर घसरली, तर बाह्य कारण म्हणून वाय४२.३ जोडा. डोसच चुकला असेल तर तो विषबाधेच्या गटात जातो: टी३८.३, अपघाताने झाले म्हणून एक्स४४. 'अनकंट्रोल्ड डायबेटिस'साठी मात्र डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१०मध्ये जागाच नाही. गुंतागुंत लिहिलेली नसेल तर तो रुग्ण ई११.९मध्येच बसतो, मग शुगर ४५० असो.

मृत्यूच्या दाखल्यासाठीही हाच ब्राउझर वापरतात. नमुना ४मध्ये पहिल्या ओळीत सेप्टिसिमिया (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग), खाली पायाचे गँगरीन, त्याखाली टाइप २ मधुमेह असे लिहिले असेल तर मूळ कारण ई११.५ ठरते. फक्त 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' (हृदय आणि श्वास बंद पडणे) लिहिले तर मधुमेहाचा मागमूस राहत नाही.

उपकरण बिघडले तर

शरीरात बसवलेल्या वस्तूंसाठी ब्राउझर चांगला आहे. डायलिसिसचा कॅथेटर सरकला, दुमडला, गळू लागला तर टी८२.४. त्यात गुठळी झाली तर टी८२.८. जंतुसंसर्ग झाला तर टी८२.७, जंतूचे नाव आले असेल तर बी९५-बी९६मधला कोड सोबत. हे तिन्ही एकाच शब्दाने, 'कॅथेटर ब्लॉक' म्हणून, लिहिले जातात आणि सगळ्यांना टी८२.४ मिळतो. नळी मुरगळलेली होती की गुठळी होती, हे डायलिसिसच्या तंत्रज्ञाला विचारले की कळते. हातावरच्या फिस्टुलाचा (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्यांचा) यांत्रिक बिघाड टी८२.५. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांचा कॅथेटर टी८५.६मध्ये, त्याचा संसर्ग टी८५.७मध्ये. मोतीबिंदूनंतर बसवलेले भिंग सरकले तर टी८५.२. लघवीची नळी अडकली तर टी८३.०, तिच्यामुळे संसर्ग झाला तर टी८३.५.

पण मधुमेहाच्या रुग्णाच्या घरात बिघडते ती वस्तू शरीराच्या बाहेर असते. ग्लुकोमीटर, पट्टी, इन्सुलिन पेन, सिरिंज, क्वचित पंप. इथे ब्राउझर उघडा पडतो.

अमेरिकेच्या यादीत पंपासाठी नेमके कोड आहेत. पंप बंद पडला तर टी८५.६१४, सरकला तर टी८५.६२४, गळला तर टी८५.६३३, शेवटी उपचार चालू असल्याचे ए. पंप बिघडून इन्सुलिन कमी गेले तर आधी पंपाचा कोड, मग कमी डोसचा टी३८.३एक्स६ए, मग मधुमेह आणि त्याची गुंतागुंत. जास्त गेले तर दुसऱ्या जागी टी३८.३एक्स१ए. क्रम ठरलेला, गोष्ट पूर्ण. डब्ल्यूएचओच्या टी८५.६मध्ये पंपाचे नाव नाही, तो विभागच शरीरातल्या वस्तूंचा आहे, आणि इन्सुलिनच्या कमी डोसचा अमेरिकेसारखा खास कोडही नाही. म्हणून भारतातल्या फाइलीत टी८५.६१४ए घालणे चूक, आणि नुसता टी८५.६ घालणेही चूक.

उपाय विसाव्या प्रकरणात आहे, आणि तिथे फार कमी लोक जातात. वाय७० ते वाय८२ हा गट वैद्यकीय उपकरणांमुळे घडलेल्या घटनांचा. वापर चालू असताना उपकरण मोडणे किंवा नीट न चालणे यात येते. घरी वापरायची उपकरणे वाय७४मध्ये. तपासणीचे उपकरण, म्हणजे ग्लुकोमीटर, वाय७४.०. उपचाराचे उपकरण, म्हणजे पेन किंवा पंप, वाय७४.१. पंप बंद पडून टाइप १ची मुलगी कीटोॲसिडोसिसमध्ये आली, तर मुख्य निदान ई१०.१ आणि जोडीला वाय७४.१. वाय७४ एकटा किंवा पहिला कधीच घालू नका, तो फक्त कारण सांगतो. पेन होता की पंप, कोणत्या कंपनीचा, काय बिघडले, यातले काहीही हा कोड सांगत नाही. ते कार्डावर शब्दांत लिहावे लागते.

आणि वाय७४ लावण्याआधी खात्री करा की खरेच बिघाड होता. बहुतेक वेळा नसतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मुख्यतः यू-४० (एका मिलीत ४० युनिट) मिळतात, तर पेनची कार्ट्रिज यू-१०० (एका मिलीत १०० युनिट). पेन हरवले म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या यू-४० सिरिंजने इन्सुलिन ओढले जाते. त्या सिरिंजवरची २०ची रेघ म्हणजे अर्धा मिली. यू-१००चे अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. वीसच्या जागी पन्नास गेले, अडीच पट, आणि पहाटे रुग्ण बेशुद्ध. हा उपकरणाचा बिघाड नाही, ही चुकलेल्या डोसची विषबाधा आहे. उलट प्रकारात, यू-४०ची बाटली आणि नारिंगी टोपीची यू-१०० सिरिंज, २०च्या रेघेवर फक्त ८ युनिट जातात आणि शुगर चढत राहते. म्हणून कार्डावर टोपीचा रंग आणि बाटलीवरचा आकडा लिहिलेला असणे कोडिंगसाठी फार मोलाचे आहे.

उन्हाळा हा दुसरा चकवा. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूर ४५ अंशांच्या वर जातात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, वापरातले साधारण ३० अंशांखाली आणि बहुतेक प्रकारांत चार आठवडे. टिनाच्या छपराखाली, भारनियमनात बंद पडलेल्या फ्रिजमध्ये किंवा दुचाकीच्या डिकीत ते टिकत नाही. फ्रीझरच्या कप्प्याला चिकटून गोठलेलेही वाया जाते. पट्ट्यांच्या बाटलीवरही बहुधा ३० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि झाकण उघडे राहिले की दमटपणाने त्या बिघडतात. रक्त कमी असलेल्या बाईत, किंवा डायलिसिसच्या रुग्णात, हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) कमी असल्यामुळे मीटर खरी शुगर असते त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, त्यावरून इन्सुलिन वाढवले तर शुगर खाली जाते. मीटरसाठी आयएसओ १५१९७:२०१३ या मानकात १००च्या वर १५ टक्के आणि १००च्या खाली १५ मिलिग्रॅम इतका फरक, ९५ टक्के वाचनांत, चालवून घेतलेला आहे. प्रयोगशाळेत २०० आणि मीटरवर २२५ आले तर तो बिघाड नव्हे.

उन्हाने इन्सुलिन निकामी झाले आणि रुग्ण कीटोॲसिडोसिसमध्ये आला, तर झेड९१.१ लावायची सवय आहे. तो कोड उपचार न पाळल्याचा. रुग्णाने रोज टोचून घेतले, औषधात दम उरला नव्हता. त्याच्या माथी हा कोड मारणे अन्यायाचे आहे आणि पुढच्या प्रत्येक फाइलीत तो शिक्का दिसत राहतो. अशा वेळी ई१०.१ किंवा ई११.१ द्या आणि कारण कार्डावर वाक्यात लिहा. वाय७४ही नको, कारण उपकरण बिघडलेले नाही.

जिथे बिघाड खरा आहे तिथे कोडपेक्षा महत्त्वाची जागा मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींवर देखरेख) कार्यक्रमाची. भारतीय औषधकोश आयोग, गाझियाबाद इथून २०१५पासून तो चालतो, आणि दवाखाना, नर्स, फार्मसिस्ट, रुग्ण कुणीही उपकरणाची तक्रार कळवू शकतो. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. फॉर्ममध्ये मॉडेल, लॉट किंवा बॅच क्रमांक, मुदत, घटनेची तारीख आणि रुग्णाचे काय झाले हे लागते. म्हणून भरतीच्या वेळीच नातेवाइकांना सांगा: मीटर, उरलेल्या पट्ट्यांची बाटली, पेन, त्यातले कार्ट्रिज, काहीही फेकू नका, घरून घेऊन या. मीटरची बॅटरी काढू नका आणि तारीख-वेळ नीट करायलाही जाऊ नका, आधी आहे त्या स्थितीतला फोटो काढा.

बाकीचे थोडक्यात

शस्त्रक्रियेचा कोड या ब्राउझरमध्ये मिळत नाही. क्लेम फॉर्मवर प्रोसिजरसाठी आयसीडी-१०-पीसीएसचा रकाना असतो, तो अमेरिकेचा वेगळा संच आहे. महात्मा फुले योजनेत पैसे पॅकेजच्या कोडवर मिळतात, तो संच आणखी वेगळा. निदानाचा कोड पॅकेजशी जुळायला हवा, पण पॅकेजकडे पाहून निदान ठरवू नका.

इंटरनेट गेले की ब्राउझर गेला. ई१० ते ई१४ची पोटविभागांची यादी, एच३६, एन०८, टी८२ ते टी८५ आणि वाय७०ते वाय८२ एवढी पाने छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली तर मधुमेहाच्या बहुतेक फाइली नेटशिवाय निघतात.

आयसीडी-११चे कोडिंग टूलही संघटनेकडून फुकट आहे आणि शोधायला याहून कितीतरी सोपे आहे. शब्द टाइप करता करता पर्याय समोर येतात. तिथे 'अनकंट्रोल्ड'ला ५ए२४ अशी हक्काची जागा आहे, मधुमेहातल्या पायाच्या जखमेला बीडी५४, आणि तिरपी रेघ देऊन मूळ आजार जोडता येतो: बीडी५४/५ए११. उपकरणामुळे झालेली इजा, तिचे कारण आणि ती कशी घडली, हे तिन्ही एकत्र गुंफायची सोयही त्यात केलेली आहे. स्थानिक संगणकावर बसवता येईल अशी आवृत्ती मिळते, त्यामुळे नेटचा प्रश्नही सुटतो. शिकायला आजच सुरुवात करायला हरकत नाही. फक्त विम्याच्या फॉर्मवर रकाना आयसीडी-१०चा आहे तोवर बीडी५४ तिथे घालू नका.